धंद्याचा मालक बदलला, मग कामगारांच्या पीएफ-पेन्शनचं काय? व्यवहाराआधी एवढं वाचाच



चालू धंदा विकत घेताना आपण काय काय बघतो? जागेचा सातबारा बघतो, मशीन चालू करून बघतो, लाइटबिलाची थकबाकी विचारतो, जीएसटीचे रिटर्न मागतो. बँकेचा बोजा आहे का, तेही वकिलाकडून काढून घेतो. पण "कामगारांचा पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत भरलाय?" हा प्रश्न बऱ्याच व्यवहारांत कुणी विचारतच नाही. आणि पुढे वर्षभराने पीएफ ऑफिसची नोटीस येते ती नव्या मालकाच्या नावाने.

मग नवा मालक म्हणतो, "हे तर जुन्या मालकाचं पाप, माझा काय संबंध?" संबंध आहे. कायद्यानेच जोडलेला आहे. तो कसा, किती आणि त्यातून वाट कशी काढायची, हे आज सोप्या भाषेत बघू. तुम्ही मालक असाल तरी वाचा आणि कामगार असाल तरी वाचा, कारण या विषयात दोघांचेही पैसे अडकतात.

आधी पीएफमध्ये पेन्शन कुठे असते ते समजून घ्या

कामगाराच्या पगारातून (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) १२ टक्के कापले जातात. तेवढेच १२ टक्के मालक भरतो. कामगाराचे १२ टक्के सगळेच्या सगळे पीएफ खात्यात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांचे मात्र दोन भाग होतात. ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. ही पेन्शन योजना म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू असलेली ईपीएस-९५. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरतात, म्हणजे पेन्शनमध्ये महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात.

याशिवाय मालक ०.५ टक्के विम्यासाठी आणि ०.५ टक्के प्रशासन खर्चासाठी भरतो. कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, तो याच अर्ध्या टक्क्यातून.

म्हणजे कामगाराचे १२ आणि मालकाचे १३, मिळून पगाराच्या २५ टक्के रक्कम दर महिन्याला भरायची असते. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. हा २५ चा आकडा डोक्यात ठेवा, पुढे हिशेबाला लागणार आहे.

चकलांब्याचं उदाहरण घेऊ

आपल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा. कापसाचा पट्टा. समजा, या भागात एक छोटं जिनिंग आहे. २४ कामगार, प्रत्येकाचा पगार १२,००० रुपये. जुना मालक थकला, मुलं पुण्याला, धंदा विकायचाय. तुम्हाला ६० लाखांत जागा, मशीन, नाव, गिऱ्हाईक सगळं मिळतंय. सौदा चांगला वाटतो.

आता यात एक गोष्ट लपलेली आहे. मालकाने गेले १८ महिने पगारातून पीएफ कापला, पण भरला नाही.

हिशेब करू:

- महिन्याचा एकूण पगार: २४ × १२,००० = २,८८,००० रुपये
- त्याचे २५ टक्के: ७२,००० रुपये
- १८ महिन्यांचे: १२,९६,००० रुपये

हे झालं मुद्दल. उशिराबद्दल वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, म्हणजे महिन्याला १ टक्का. त्यावर दंड वेगळा. जून २०२४ मध्ये नियम बदलला, तेव्हापासून दंडही महिन्याला १ टक्का आहे. (त्याआधीच्या थकबाकीला उशिरानुसार वर्षाला ५ पासून २५ टक्क्यांपर्यंत दर होते.) आपले १८ महिने जून २०२४ नंतरचे धरले तर व्याज आणि दंड मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास जातात. एकूण झाले १५ लाखांच्या पुढे.

६० लाखांचा धंदा तुम्हाला ७५ लाखांना पडला. आणि ही वरची रक्कम भरायला बँक कर्जही देणार नाही.

कायदा काय म्हणतो?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चा. त्यात १९७३ मध्ये कलम १७-ब घातलं गेलं. त्याचा अर्थ असा: मालकाने आस्थापना पूर्ण किंवा तिचा काही भाग विक्रीने, बक्षीस म्हणून, भाडेपट्ट्याने, परवान्याने किंवा दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दुसऱ्याला दिली, तर त्या तारखेपर्यंतची जी काही थकबाकी आहे तिला जुना आणि नवा मालक दोघेही एकत्र आणि वेगवेगळे जबाबदार.

"एकत्र आणि वेगवेगळे" म्हणजे काय? पीएफ ऑफिस दोघांकडून अर्धे-अर्धे मागेल असं नाही. ज्याच्याकडून वसूल होईल त्याच्याकडून पूर्ण मागू शकतं. आता तुम्हीच विचार करा, जुना मालक पैसे घेऊन पुण्याला गेलाय आणि तुमचं जिनिंग इथे रस्त्यावर उभं आहे. साहेब आधी कुणाकडे येतील?

नव्या मालकाला एकच सूट आहे. त्याला व्यवहारात जेवढ्या किमतीची मालमत्ता मिळाली, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. आपल्या उदाहरणात मालमत्ता ६० लाखांची, थकबाकी १५ लाखांची, म्हणजे पूर्ण १५ लाख लागू. मालमत्ता १० लाखांचीच असती तर नव्या मालकाची जबाबदारी १० लाखांवर थांबली असती.

"पण आम्ही स्टॅम्पवर लिहून घेतलंय की मागचं सगळं देणं जुन्या मालकाचं!" हे वाक्य फार ऐकायला मिळतं. लिहून घेतलं ते चांगलंच केलं. पण तो कागद तुमच्या दोघांतला. पीएफ ऑफिसने त्यावर सही केलेली नाही. तुम्ही आधी भरणार आणि मग त्या कागदाच्या जोरावर जुन्या मालकाकडून वसूल करायला कोर्टात जाणार. पश्चिम बंगालमधल्या एका चहाच्या मळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच स्पष्ट केलं. मळा विकत घेणाऱ्या मॅक्लिऑड रसेल कंपनीला मागच्या थकबाकीवरच्या दंडाच्या जबाबदारीतूनही सुटका मिळाली नाही.

आणि हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. पीएफचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये आलाय. कायद्याचं नाव आणि कलमांचे नंबर बदलले, पण मालक बदलल्यावर दोघांनीही जबाबदार राहायचं हे तत्त्व तिथेही आहे. एक फरक मात्र लक्षात ठेवा. जुन्या कायद्यात मागच्या थकबाकीची चौकशी किती वर्षांपर्यंत सुरू करता येते याला मर्यादा नव्हती, नव्या संहितेत ती पाच वर्षांची आहे.

साखरेच्या पोत्यांवर पहिला हक्क कुणाचा?

आता मराठवाड्यातलीच खरी गोष्ट बघू. गोदावरीच्या पलीकडे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात दोन सहकारी साखर कारखाने होते, कन्नड आणि गंगापूर. दोघेही अडचणीत आले. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं कर्ज होतं आणि त्यापोटी गोदामातली साखरेची पोती बँकेकडे तारण होती. इकडे कामगारांचा पीएफ थकला होता.

पीएफ ऑफिसने थकबाकीसाठी ती साखरेची पोतीच जप्त करायला घेतली. बँक म्हणाली, "पोती आमच्याकडे तारण आहेत, पहिला हक्क आमचा." पीएफ ऑफिस म्हणालं, "कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे पीएफची रक्कम हा आस्थापनेच्या मालमत्तेवरचा पहिला बोजा आहे." भांडण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

८ ऑक्टोबर २००९ ला निकाल आला. पहिला हक्क कामगारांच्या पीएफचा. बँकेचं तारण त्याच्या नंतर. शिवाय नुसत्या मुद्दलाचाच नाही, तर व्याज आणि दंडाचाही या पहिल्या बोज्यात समावेश होतो, असं न्यायालयाने सांगितलं.

हा निकाल छोट्या धंदेवाल्यांनी का लक्षात ठेवायचा? कारण बोजा मालमत्तेवर असतो. कारखाना सहकारी असो की खासगी, मोठा असो की गावातलं जिनिंग, मालमत्तेबरोबर हा बोजाही डोकं वर काढू शकतो. आपल्या भागात कारखाने भाड्याने देणं, चालवायला देणं, बँकेने लिलावात विकणं हे नवीन नाही. कन्नडचा कारखानाही पुढे लिलावातून खासगी कंपनीकडे गेला. असं काही झालं की गावागावातल्या कामगारांच्या मनात एकच प्रश्न असतो, आपल्या पीएफचं काय? उत्तर हेच आहे की मालक बदलला तरी तो हक्क बुडत नाही. फक्त तो मागावा लागतो आणि त्यासाठी कागद जवळ असावे लागतात.

व्यवहाराचा प्रकार कोणता, ते आधी ठरवा

"धंदा घेतला" असं आपण एका शब्दात म्हणतो. पण त्याचे वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकात पीएफचं गणित वेगळं असतं.

*१. कंपनीचे शेअर घेतले.* कंपनी तीच, पीएफचा कोड तोच, मालक फक्त आतून बदलले. इथे "जुना मालक-नवा मालक" हा प्रश्नच येत नाही. देणं कंपनीचं आणि कंपनी आता तुमची. मर्यादेची सूटही इथे धरू नका.

*२. वडिलांकडून मुलाकडे, किंवा भागीदार बदलले.* "घरातलाच व्यवहार आहे" म्हणून थकबाकी पुसली जात नाही. बक्षीसपत्राने दिला तरी कायद्यात बक्षीस हा शब्द स्पष्ट आहे. मालकी बदलली की १५ दिवसांच्या आत पीएफ पोर्टलवर मालकीचा फॉर्म ५-अ दुरुस्त करा. नाहीतर नोटिसा जुन्याच नावाने, जुन्याच पत्त्यावर जात राहतात आणि तुम्हाला कळतं तेव्हा वसुलीचा आदेश निघालेला असतो.

*३. चालू धंदा विकत घेतला.* आपलं जिनिंगचं उदाहरण. इथे कलम १७-ब सरळ लागू.

*४. चालवायला घेतला.* हॉटेल असो, पेट्रोल पंप असो, गिरणी असो. भाडेपट्टा आणि परवाना हे दोन्ही कायद्यात लिहिलेले आहेत. "मी फक्त तीन वर्षांसाठी चालवायला घेतलंय" हे उत्तर पुरत नाही.

*५. बँकेच्या लिलावात घेतला.* लिलावाच्या जाहिरातीत "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" असं लिहिलेलं असतं. याचा साधा अर्थ, लपलेलं देणं निघालं तर बँकेकडे बोट दाखवू नका. लिलावात भाग घेण्याआधी पीएफ ऑफिसमध्ये लेखी अर्ज देऊन थकबाकी विचारा. फक्त रिकामी जागा घेतली की चालू आस्थापना घेतली, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. त्यामुळे इथे वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय बोली लावू नका.

काही जण युक्ती करतात. जुनी फर्म बंद दाखवायची, त्याच जागेत नव्या नावाने नवा पीएफ कोड काढायचा. पण जागा तीच, मशीन तेच, कामगार तेच, माल तोच असेल तर पीएफ ऑफिस त्याला जुनीच आस्थापना धरू शकतं. तसंच २० कामगारांवर एकदा कायदा लागू झाला की पुढे संख्या १५ वर आली तरी तो सुटत नाही. आणि मुकादमामार्फत आलेले कामगारही मोजणीत धरतात, हे विसरू नका.

कामगारांना "राजीनामा द्या, पुन्हा घेतो" म्हणू नका

मालक बदलताना सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नवा मालक म्हणतो, सगळ्यांनी राजीनामे द्या, जुना हिशेब मिटवा, पीएफ काढून घ्या, एक तारखेपासून नव्याने भरती. कामगारालाही हातात एकरकमी पैसे दिसतात, मुलीचं लग्न असतं, घराचं बांधकाम असतं. तो फॉर्म १०-सी भरून पेन्शनचेही पैसे काढून घेतो. आणि तिथे त्याची पेन्शनची सेवा तुटते.

आकड्यांत बघू. पेन्शनचं सूत्र असं: शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी × सेवेची वर्षं ÷ ७०. किमान १० वर्षं सेवा लागते, पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. २० वर्षं किंवा जास्त सेवा झाली तर २ वर्षं जादा मिळतात.

- सेवा सलग २० वर्षं, पगार १५,०००: १५,००० × २२ ÷ ७० = महिना ४,७१४ रुपये
- नवव्या वर्षी मालक बदलला, पैसे काढले, पुढे ११ वर्षं नव्याने: १५,००० × ११ ÷ ७० = महिना २,३५७ रुपये

बरोब्बर निम्मी! त्या बदल्यात नवव्या वर्षी काय हातात आलं? साधारण नऊ-दहा पगारांइतकी रक्कम. पगार तेव्हाही १५,००० धरला तर दीड लाखाच्या आत. इकडे महिन्याला २,३५७ रुपयांचा तोटा, म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर पाच-सव्वापाच वर्षांत ते दीड लाख फिटले. त्यानंतर जन्मभर नुकसान. आणि कामगाराच्या मागे त्याच्या बायकोला जी पेन्शन मिळायची, तीही त्याच प्रमाणात कमी.

म्हणून नव्या मालकाने काय करायचं? सेवा सलग ठेवायची. कोड तोच ठेवता आला तर उत्तमच. नवीन कोड घ्यावा लागला तर कामगाराचा यूएएन नंबर तोच ठेवून जुनं खातं नव्याला जोडून घ्यायचं. आणि ज्याला नोकरी सोडायचीच आहे त्याने पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्यावं. त्याने जुनी सेवा शाबूत राहते आणि पुढच्या नोकरीत जोडली जाते.

कामगार कायद्यातही हाच विचार आहे. मालक बदलताना कामगाराची सेवा खंडित झाली नाही, अटी आधीपेक्षा वाईट झाल्या नाहीत आणि पुढे कपातीची वेळ आली तर नवा मालक जुनी वर्षं धरून भरपाई देणार असेल, तर त्या वेळी वेगळी भरपाई द्यावी लागत नाही. या तीन गोष्टी नसतील तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई द्यावी लागते. म्हणजे सेवा तोडणं मालकालाही स्वस्त पडत नाही.

ग्रॅच्युइटी किमतीत धरली का?

सेवा सलग ठेवली की ग्रॅच्युइटीही सलग चालते. सूत्र: शेवटचा पगार ÷ २६ × १५ × वर्षं. आपल्या जिनिंगमध्ये १२,००० पगारावर वर्षाला ६,९२३ रुपये. २४ कामगारांची सरासरी ८ वर्षं सेवा झाली असेल तर जुन्या काळाचं ओझं होतं सव्वातेरा लाखांच्या आसपास. हे आज द्यायचं नाही, पण उद्या तुम्हालाच द्यायचंय. म्हणून ते आजच्या सौद्यातून वजा करून मागा. जुना मालक कुरकुर करेल, पण हिशेब कागदावर मांडला की बोलणं सोपं जातं.

मोठ्यांकडे काय झालं?

दोन उदाहरणं बघा. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ ला सरकारकडून टाटांकडे गेली. त्याआधी कर्मचाऱ्यांचा पीएफ १९२५ च्या जुन्या कायद्याखालच्या वेगळ्या ट्रस्टमध्ये होता. मालकी बदलायच्या आधीच, १ डिसेंबर २०२१ पासून, साडेसात हजारांच्या आसपास कर्मचारी ईपीएफओच्या छत्राखाली आले. त्यामुळे त्यांना मालकाचा १२ टक्के वाटा, ईपीएस पेन्शन आणि विमा लागू झाला. म्हणजे आधी पीएफची व्यवस्था लावली, मग चावी दिली.

दुसरं जेट एअरवेज. एप्रिल २०१९ मध्ये विमानं थांबली. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नवा खरेदीदार आला, पण कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यायची की नाही यावर वाद झाला. अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं, पूर्ण द्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही खरेदीदाराचं अपील फेटाळलं. आणि शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. खरेदीदाराने किंमत ठरवताना हे देणं नीट मोजलं नाही की सौदा कसा अडकतो, हे यातून दिसतं. विमान कंपनी असो की जिनिंग, गणित तेच.

विकत घेणाऱ्याने ही यादी भिंतीवर लावा

१. ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधण्याची सोय आहे. नाव किंवा कोड टाका. कोणत्या महिन्याचं चलन भरलंय, किती कामगारांचं भरलंय, ते दिसतं. यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

२. हजेरीपट, पगारपत्रक आणि चलन शेजारी ठेवा. हजेरीत २४ नावं आणि चलनात १३ असतील तर उरलेल्या ११ जणांचं देणं उद्या निघू शकतं.

३. चौकशीची, व्याजाची, दंडाची एखादी नोटीस आलीय का, ते जुन्या मालकाकडून लेखी घ्या.

४. पीएफ ऑफिसला अर्ज देऊन थकबाकीची स्थिती मागा. बीड जिल्ह्याचं काम छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयातून चालतं. तेवढं जायला नको असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर होतं, तिथे विचारा.

५. पूर्ण पैसे एकदम देऊ नका. थकबाकीचा अंदाज काढून तेवढी रक्कम ठरावीक काळासाठी मागे ठेवा, आणि ते करारात लिहा.

६. करारात "मागची देणी जुन्या मालकाची" हे कलम ठेवाच. ते पीएफ ऑफिसला अडवत नाही, पण तुम्हाला वसुलीचा हक्क देतं.

७. ताबा घेतल्यावर फॉर्म ५-अ, नवीन डिजिटल सही आणि बँक खातं लगेच अपडेट करा.

विकणाऱ्यासाठी दोन वाक्यं

पगारातून कापलेले १२ टक्के तुमचे कधीच नव्हते. कापून न भरणं हा नुसता उशीर नाही, तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो आणि धंदा विकला म्हणून तो तुमच्यावरून उतरत नाही. तेव्हा विकायच्या आधी भरून टाका. भरलेल्या चलनांची फाइल समोर ठेवली की धंद्याला भावही बरा मिळतो.

आणि तुम्ही कामगार असाल तर

आपल्या चकलांबा-उमापूर भागातून कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या हातात पीएफचं पासबुक नसतं. गावाजवळच्या २०-२५ जणांच्या युनिटमध्ये ज्याचा पीएफ कापला जातो, त्याने ही गोष्ट जपायला हवी.

- यूएएन नंबर पाठ ठेवा, आधार आणि बँक खातं त्याला जोडा, वारसाचं नाव भरा.
- नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या नंबरला मिस कॉल द्या. शिल्लक मेसेजमध्ये येते. शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा, ते बघा.
- मालक बदलणार अशी कुणकुण लागली की त्याच दिवशी पासबुक डाउनलोड करा, पगाराच्या पावत्यांचे फोटो काढून ठेवा.
- कोऱ्या राजीनाम्यावर सही करू नका.
- नव्या मालकाकडे नवीन यूएएन काढू नका. जुनाच द्या.
- पेन्शनचे पैसे काढण्याआधी वरचं ४,७१४ आणि २,३५७ चं गणित स्वतःच्या आकड्यांत करून बघा.
- हप्ते भरलेले नसतील तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. तिथे तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

अटल पेन्शन किंवा श्रमयोगी मानधन तुमच्या स्वतःच्या खात्यातून चालू असेल तर मालक बदलल्याने त्याला काही होत नाही. हप्ता फक्त थांबू देऊ नका.

तर मंडळी, या महिन्यात तुम्ही एखादा धंदा घ्यायच्या बोलणीत असाल, तर टोकन देण्याआधी वरच्या यादीतलं पहिलं काम करा. आस्थापनेचं नाव टाका आणि शेवटचं चलन कोणत्या महिन्याचं आहे ते बघा. तिथे सहा महिन्यांची पोकळी दिसली तर सौदा मोडायलाच हवा असं नाही, पण भाव मात्र नव्याने बोलायला हवा. २५ टक्क्यांचा हिशेब एका कागदावर करून जुन्या मालकासमोर ठेवा आणि मग पुढचं बोला.